लेस-फ्युअरचं सोवळं

इंग्रजी चांगलं येणं ही एक गोष्ट आणि आपल्याला इंग्रजी चांगलं येतं हे चारचौघांत जाणवून देणं ही दुसरी. पहिलीला वाचन लागतं, कान लागतो, वर्षं जावी लागतात. दुसरीला चार-पाच हुकमी चुका पाठ असल्या की भागतं. दुसऱ्याच्या तोंडून त्यातली एखादी निसटायचा अवकाश, आपण ती टिपायची आणि मंद हसायचं. या हुकमी चुकांच्या यादीत 'लेस' आणि 'फ्युअर' या जोडीनं आपलं स्थान अढळ राखलेलं आहे. कुणी 'लेस पीपल' म्हणालं, 'लेस मिस्टेक्स' म्हणालं, की खोलीतल्या एकाच्या तरी भुवया वर जातात आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत एक शब्द टाकला जातो: 'फ्युअर!' बोलणारा गडबडतो, सुधारून घेतो, आणि सुधारणारा एखादं सत्कर्म उरकल्यासारखा खुर्चीत मागे रेलतो.

मला या सत्कर्माचा वीट आलेला आहे.

नियम काय तो सगळ्यांना ठाऊक आहे. मोजता येईल त्याला 'फ्युअर', मोजता येणार नाही त्याला 'लेस'. दूध लेस, पिशव्या फ्युअर. गर्दी लेस, माणसं फ्युअर. या नियमाच्या राखणदारांचं म्हणणं त्यांच्याच आवाजात मांडायचं तर ते असं: हा इंग्रजीच्या पायाचा दगड आहे आणि तो पहिल्यापासून तिथेच आहे. शिवाय तो तर्काला धरून आहे. तो हलवला की अर्थाचा गोंधळ होतो. हल्ली तो सर्रास हलवला जातोय, यावरूनच इंग्रजी किती रसातळाला चालली आहे ते दिसतं. आणि आपल्यासारख्या, ज्यांची ती मातृभाषा नाही, त्यांनी तर तो डोळ्यांत तेल घालून जपायला हवा. साहेब एक वेळ चुकला तरी चालेल, आपण चुकून कसं चालेल?

म्हणणं भारदस्त आहे. पण त्यातला एकही मुद्दा चार पावलं धड चालत नाही.

आधी पायाच्या दगडाचं पाहू. इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या नावावर बोएथियसच्या तत्त्वज्ञानपर ग्रंथाचा एक जुना इंग्रजी अनुवाद आहे, नवव्या शतकाच्या अखेरचा. त्यात थोडक्या शब्दांत सांगावं की पुष्कळ, अशा अर्थाचं एक वाक्य येतं आणि तिथे 'शब्द' या नामासोबत 'लेस'चंच जुनं रूप बसलेलं आहे. शब्द मोजता येतात, हे राजाला कळत नसेल असं समजायचं कारण नाही. म्हणजे ज्या प्रयोगाला आज 'हल्लीच्या पोरांची घाण' म्हणतात, तो अकराशे वर्षांपूर्वी राजाच्या नावावरच्या ग्रंथात सुखानं नांदत होता.

तो तिथे कसा आला हेही पाहण्यासारखं आहे. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत, आपल्याकडे लागतात तसेच. तेव्हाची रचना 'शब्दांचं कमी' अशी होती. नाम षष्ठीच्या अनेकवचनात, आणि त्याच्याआधी 'लेस'. पुढे इंग्रजीनं विभक्तीचे प्रत्यय एकेक करून टाकून दिले. षष्ठीची खूण गळाली आणि 'लेस'ला बिलगून नुसतं अनेकवचनी नाम उरलं. 'लेस वर्ड्स' हा काही कुणा आळशी विद्यार्थ्यानं पाडलेला खड्डा नाही. भाषेच्या स्वाभाविक चालीनं पडलेली ती पायवाट आहे आणि तिच्यावरून शतकानुशतकं लोक ये-जा करत आले आहेत.

मग हा नियम आला कुठून? माग काढत गेलं की आपण 1770 साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकापाशी पोचतो. लेखक रॉबर्ट बेकर. फ्रेंच भाषेवर वोजला नावाच्या गृहस्थानं सतराव्या शतकात टिपणं लिहिली होती, त्या धर्तीवर आपण इंग्रजीवर लिहावं अशी त्याची हौस. 'लेस' या शब्दापाशी आल्यावर बेकर दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे, संख्येबद्दल बोलताना लोक सर्रास 'लेस' वापरतात. दुसरी अशी की त्या जागी 'फ्युअर' अधिक बरा पडेल असं त्याला वाटतं. 'नो लेस दॅन अ हंड्रेड'पेक्षा 'नो फ्युअर दॅन अ हंड्रेड' त्याच्या कानाला जास्त डौलदार वाटतं आणि जास्त योग्यही.

'वाटतं' या क्रियापदाकडे लक्ष द्या. बेकरनं कुणाला अडाणी म्हटलेलं नाही, आज्ञा सोडलेली नाही. उलट लोक दुसरंच बोलतात हे त्यानं आधी नोंदवलेलं आहे. एका माणसानं आपली आवड सांगितली, एवढाच प्रकार. पण आवडीचा नियम व्हायला फार काही लागत नाही. एक व्याकरणकार दुसऱ्याची वही उतरवतो, दुसऱ्याची तिसरा. प्रत्येक उतरवणीत एकेक 'मला वाटतं' गळत जातं आणि शेवटी 'असंच असलं पाहिजे' एवढंच शिल्लक राहतं. मेरिअम-वेबस्टरनं 1989 साली इंग्रजी वापराचा जो जाडजूड कोश काढला, त्यात ही वंशावळ सविस्तर मांडलेली आहे. राखणदारांच्या घरी तो नसावा. किंवा असेल, पण त्यांचं बोट तेवढ्याच पानाला लागत नसावं.

आता दुसरा मुद्दा, तर्काचा. राखणदार म्हणतात, मोजण्याजोगं आणि न मोजण्याजोगं हा भेद मुळात जगातच आहे, भाषेनं तो पाळायला नको का? प्रश्न रास्त आहे. मग एवढंच सांगा, 'लेस'च्या उलट कोणता शब्द? 'मोर'. आणि 'फ्युअर'च्या उलट? तोही 'मोर'. 'मोर वॉटर' चालतं, 'मोर पीपल' चालतं. एकच शब्द दोन्ही घरी जेवतो आणि कुणाच्या भुवया हलत नाहीत. जगातला भेद इतका पवित्र असेल, तर तो फक्त वजाबाकीतच कसा लागू होतो? बेरजेत तो कुठे जातो?

आणि गंमत म्हणजे 'मोर'च्या बाजूलाही हा भेद एके काळी होता. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'मो' असा वेगळा शब्द होता, 'मोर' राशीसाठी. शेक्सपिअरच्या काळी तो चालू होता, 1611च्या इंग्रजी बायबलातही तो होता. मग हळूहळू लोकांनी त्याला रजा दिली आणि बायबलाच्या पुढच्या आवृत्त्यांतही 'मो'च्या जागी मुकाट्यानं 'मोर' छापलं गेलं. इंग्लंड बुडालं का? विज्ञान थांबलं, व्यापार अडला, वकिलांना खटले चालवता येईनात? उलट ज्या शतकांत 'मो' मेला, त्याच शतकांत न्यूटननं मोजमापाचं शास्त्र कुठल्या कुठे नेलं. भेद गेला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. मग त्याच भेदाचं उरलेलं अर्धं अंग गेलं, तर आभाळ का कोसळावं?

तर्काची दुसरी गोची नियमाच्या पोटातच आहे. रुपये मोजता येतात, नाही का? मग 'फ्युअर दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज' म्हणून पाहा. कानाला खटकतं. राखणदार स्वतःदेखील तिथे 'लेस दॅन'च म्हणतात. किलोमीटर मोजता येतात, तिथेही लेस. आठवडे मोजता येतात, तिथेही लेस. विचारलं की उत्तर तयार असतं: 'ती सुटी एककं नाहीत हो, ती एकत्रित राशी आहे.' बरं. मग मॉलमधल्या बिलाच्या काउंटरवर 'टेन आयटम्स ऑर लेस' अशी पाटी असते, तिथे तरी कोण सुट्या दहा वस्तूंची ओळखपरेड घेतं? तिथेही दहा हा आकडा टोपलीची मर्यादाच सांगतो, पाचशे रुपये पाकिटाची सांगतात तशी. 'पंचवीस शब्द किंवा कमी' असं स्पर्धेच्या जाहिरातीत असतं, तिथेही मर्यादाच. रुपयांना सूट आणि बिस्किटांच्या पुड्यांना फास, हा कोणता तर्क? आणि 'वन लेस थिंग टु वरी अबाउट' या रोजच्या बोलण्याचं काय करायचं? तिथे 'वन फ्युअर' म्हणणारा माणूस नियमानं बरोबर ठरतो आणि ऐकणाऱ्याला चक्रम वाटतो. ज्या नियमाला पैसा, अंतर, काळ, वजन, मर्यादा आणि 'एक' हा आकडा एवढे अपवाद लागतात, त्याला तर्काचा दाखला देऊ नये. त्याचं खरं नाव सवय आहे, आणि ती सवयसुद्धा अर्धीमुर्धीच.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार, अर्थाच्या गोंधळाचा. इथे मी राखणदारांना एकच विनंती करतो. 'लेस' म्हटल्यामुळे ऐकणाऱ्याची खरोखर फसगत झाली, असं एक उदाहरण द्या. 'लेस स्टुडंट्स केम टुडे' हे ऐकून कुणाला असं वाटलं का, की विद्यार्थी संख्येनं तेवढेच आले, पण जरा पातळ होऊन आले? 'लेस मिस्टेक्स' ऐकून कुणी चुका लिटरनं मोजायला घेतल्या का?

फार तर एक उदाहरण पुढे करता येईल, आणि ते खरं आहे म्हणून मीच देतो. 'लेस क्वालिफाइड टीचर्स' म्हणजे पात्रता कमी असलेले शिक्षक, 'फ्युअर क्वालिफाइड टीचर्स' म्हणजे पात्र शिक्षकांची संख्या कमी. नाम आणि 'लेस' यांच्या मधे विशेषण आलं की खरंच दोन अर्थ होऊ शकतात, आणि तिथे 'फ्युअर' वापरणं शहाणपणाचं. पण हीच अडचण 'मोर क्वालिफाइड टीचर्स'मध्ये जशीच्या तशी आहे. जास्त शिकलेले शिक्षक, की शिकलेले शिक्षक जास्त? तिथे मदतीला दुसरा शब्दच नाही. लोक काय करतात? संदर्भावरून समजून घेतात. नाहीच समजलं तर विचारतात. भाषा अशीच चालते. शिवाय चूक काढणारे या जागेवर कधी दबा धरून बसलेले दिसत नाहीत. ते बसतात 'लेस पीपल'च्या वळणावर, जिथे धोका शून्य आणि सावज हमखास.

आणि खरी मेख पुढेच आहे. समोरच्याचा 'लेस' सुधारून 'फ्युअर' म्हणायचं, तर त्याला संख्या कमी म्हणायची होती, राशी नव्हे, हे आधी तुम्हाला कळलेलं असावं लागतं. ते कळल्याशिवाय तुम्ही सुधारूच शकत नाही. म्हणजे वाक्यानं आपलं काम पुरेपूर केलेलं होतं. अर्थ पोचला, त्याची पोच म्हणूनच तुमच्या तोंडून 'फ्युअर' बाहेर पडलं. अर्थाचा गोंधळ झाला अशी तक्रार घेऊन येणारा माणूस गोंधळ झालेला नाही याचा पुरावा स्वतःच हातात घेऊन येतो. आणि ही तक्रार तो जन्मभर करत राहतो!

चौथा मुद्दा ऱ्हासाचा. भाषा घसरते आहे, ही ओरड प्रत्येक पिढी करते आणि प्रत्येक पिढी तिच्या नंतरच्यांना समजेल अशीच भाषा बोलून मरते. हे कळायला आपल्याला लंडनला जायची गरज नाही. 1962 साली महाराष्ट्र शासनानं मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधीची पिढी 'नांव' लिहायची तेव्हा डोक्यावर टिंब द्यायची, कारण टिंब नसलेली 'नाव' म्हणजे होडी. केवढा महत्त्वाचा भेद! माणसाची ओळख एकीकडे आणि पाण्यावरचं वाहन दुसरीकडे. टिंब गेलं. तेव्हापासून आजतागायत 'तुमचं नाव काय?' या प्रश्नावर कुणी बंदराकडे बोट दाखवल्याचं ऐकिवात आहे का? ज्या जुन्या मंडळींना ते टिंब जाण्याचं दुःख झालं, त्यांचं दुःख खरं असेल, पण ते सवय मोडल्याचं दुःख होतं. भाषा मोडलेली नव्हती.

इंग्लंडातही सवयीच्या दुःखापायी कसे व्यवहार होतात ते 2008 साली दिसलं. टेस्को या तिथल्या सुपरमार्केटच्या साखळीच्या 'टेन आयटम्स ऑर लेस' या पाट्यांवर शुद्धतावादी बरीच वर्षं दात खाऊन होते. अखेर टेस्कोनं सोप्या इंग्रजीचा प्रचार करणाऱ्या प्लेन इंग्लिश कॅम्पेन या संस्थेचा सल्ला घेतला आणि नव्या पाट्यांसाठी शब्द ठरले 'अप टु टेन आयटम्स'. लेस नको, फ्युअर नको, भांडणच नको. पण जुनी पाटी काय सांगत होती? दहा चालतील, दहापेक्षा कमी चालतील. लख्ख. नवी काय सांगते? दहापर्यंत. म्हणजे दहावी वस्तू आत की बाहेर? 'पर्यंत' या शब्दावर आपल्याकडे सरकारी अर्जांच्या शेवटच्या तारखेला किती वाद होतात ते आठवा. व्याकरणाचं सोवळं राखण्यासाठी स्पष्ट पाटी काढून संदिग्ध पाटी लावली, आणि याला भाषेचा विजय म्हणायचं?

'अप टु' निघालंच आहे म्हणून आपल्या मॉलपाशीही क्षणभर थांबू. दारातच भिंतभर अक्षरं असतात: 'अप टु 70 टक्के सूट'. सत्तरचा आकडा हातभर, 'अप टु' चिमटीएवढं, आणि सगळ्यांत खाली मुंगीच्या पावलांनी गेलेली 'अटी लागू'. आत गेल्यावर सत्तर टक्क्यांत निघतात कोपऱ्यातल्या विटक्या टोप्या, बाकी सगळा माल दहा टक्क्यांत. हे भाषेचं कामच आहे, आणि लबाडीचं काम आहे. शब्दांच्या आधारानं गिऱ्हाइकाच्या खिशात हात घातलेला आहे. आमचे राखणदार या भिंतीखालून शांतपणे जातात, सत्तर टक्क्यांच्या आशेनं टोपली भरतात, आणि बिलाच्या काउंटरवर आले की खिशातून मोबाइल काढून कसला फोटो घेतात? 'टेन आयटम्स ऑर लेस'चा. मुसळ केरात गेलं तरी हरकत नाही, कुसळ मात्र दिसलं पाहिजे.

आता शेवटचा आणि आपल्याला सर्वांत जवळचा मुद्दा: भाषा परकी आहे, म्हणून आपण जास्त काटेकोर असलं पाहिजे. वरकरणी यात नम्रता दिसते. प्रत्यक्षात हा न्यूनगंड आहे, इस्त्री करून घातलेला. आपल्याकडे इंग्रजी व्याकरण म्हटलं की आजही 'रेन अँड मार्टिन'चं नाव घेतलं जातं. त्यातला रेन म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन, मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरी केलेला इंग्रज. फ्रेंच परदेशी पलटणीवर 'बो जेस्ट' ही गाजलेली साहसकथा लिहिणारा तोच. गृहस्थ पुढे कादंबऱ्यांच्या वाळवंटात मजेत भटकून आला. आपण मात्र त्याच्या व्याकरणाच्या वर्गातून अजून उठलेलो नाही. साहेबाच्या देशात 'लेस' आणि 'फ्युअर' दोन्ही बोलले जातात आणि दुकानं चालू राहतात. आपण इथे त्याच्यापेक्षा जास्त साहेब होऊन पहारा देतो.

परीक्षेत काय लिहायचं, असं कुणी विचारील. परीक्षेत 'फ्युअर' लिहा. स्पर्धा परीक्षांत 'वाक्यातील चूक ओळखा' या सदरात हा प्रश्न येतो आणि गुण मिळवायचे तर उत्तरतालिकेला हवं तेच लिहावं लागतं. छापील मजकुरातही संपादकाला 'फ्युअर' हवा असेल तर देऊन टाका. एवढं मी मान्य करतो, याहून तसूभर जास्त नाही. परीक्षेत गुण मिळतात म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही. नाहीतर गाइडं लिहिणाऱ्यांना आपण ऋषी म्हणालो असतो.

परीक्षेबाहेर हा नियम काय करतो, ते मी एका कंपनीच्या तिमाही बैठकीत पाहिलेलं आहे. एक मुलगी बोलायला उभी राहिली. बीडकडची, मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी कष्टानं कमावलेली. पडद्यावर आलेख होता आणि ती म्हणाली की या तिमाहीत 'लेस कम्प्लेंट्स' आल्या. टेबलाच्या टोकाशी बसलेल्या साहेबांनी मान वरही न करता म्हटलं, 'फ्युअर.' दोघं-तिघं हसले. ती म्हणाली, 'सॉरी सर, फ्युअर.' त्यानंतर ती फक्त पडद्यावरचं वाचत राहिली. तक्रारी कमी झाल्या होत्या, कारण तिनं तक्रार नोंदवण्याची पद्धतच बदलली होती. एकाच माणसाला तीन ठिकाणी फोन करायला लागू नये अशी तजवीज तिनं केली होती. ते सांगायचं राहून गेलं आणि कुणी विचारलंही नाही. त्या खोलीतली कामाची गोष्ट तिच्यापाशी होती, आणि लोक घरी घेऊन गेले साहेबांचं 'फ्युअर'.

हे आपल्याला नवीन नाही. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या माणसाला मराठीनं कसं वागवलं ते आपण पाहिलेलं आहे. तहान दोघांना सारखीच लागते, तांब्यात पाणीही तेच असतं. पण 'न' ऐकू आला की बोलणाऱ्याचं गाव, जात, शाळा यांचा हिशेब ऐकणाऱ्याच्या मनात परस्पर होऊन जातो. 'लेस-फ्युअर' हे त्याच सोवळ्याचं इंग्रजी पातळ. फरक एवढाच की 'न'-'ण'वरून हसणं आता जरा लाजिरवाणं झालं आहे, इंग्रजीवरून हसणं अजून सुसंस्कृतपणाचं लक्षण समजलं जातं.

या वृत्तीचं नेमकं चित्र पाहायचं असेल तर 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतला 2012 सालचा एक प्रसंग पाहावा. डाव्होस हा खालच्या वस्तीतून वर आलेला जुना चोरटा व्यापारी. त्याला लिहिता-वाचता येत नाही. त्याच्या जुन्या गुन्ह्यांची शिक्षा म्हणून स्टॅनिस या राजानं त्याच्या एका हाताच्या बोटांची टोकं छाटलेली आहेत. डाव्होस त्यावर कडवट विनोद करतो, की चार नखं साफ करायचं काम वाचलं. आणि बोलण्याच्या ओघात 'लेस' म्हणतो. राजा काय करतो? दुरुस्ती करतो: फ्युअर. ज्याची बोटं तोडली तो बोटांबद्दल बोलतो आहे, आणि तोडणाऱ्याला त्यातून ऐकू येतं ते फक्त व्याकरण. प्रेक्षक त्यावर हसले, पुष्कळांनी तर स्टॅनिसला आपला माणूस मानलं. बोटं कुणाची गेली, ते आठवायची त्यांनाही गरज वाटली नाही.

म्हणून म्हणतो, या प्रकाराला भाषाप्रेम म्हणू नका. भाषेवर प्रेम असलेला माणूस आधी ऐकतो. शब्द चुकला असं वाटलं तरी तो अर्थाच्या मागे जातो आणि खरोखरच दोन अर्थ होत असतील तर विचारतो. कराराच्या मसुद्यात 'शॅल'च्या जागी 'मे' आला तर तो हटकतो, कारण तिथे बंधन सुटून मर्जी येते. विम्याच्या कागदावरचा बारीक मजकूर तो भिंग घेऊन वाचतो. औषधाच्या चिठ्ठीवर 'दिवसातून' की 'आठवड्यातून' हे तो दोनदा विचारतो. अशा जागी एकेका शब्दावर पैसा, हक्क आणि कधी कधी जीव अवलंबून असतो. तिथे काटेकोर राहा, कितीही राहा, मी तुमच्या शेजारी उभा राहीन. पण तिथे मेहनत आहे, अभ्यास आहे, प्रसंगी बलवानाशी पंगा आहे. 'फ्युअर' म्हणायला यातलं काहीच लागत नाही. समोरचा आपल्यापेक्षा दुबळा असला की झालं.

कसोटी सोपी आहे आणि ती कोणत्याही भाषेच्या कोणत्याही नियमाला लावता येते. भेद मोडल्यानं ऐकणारा फसला, तर तो भेद राखावा, त्यासाठी भांडावं. कुणीच फसलं नाही, फक्त बोलणारा खजील झाला, तर त्या भेदाचा उपयोग माणसाला खजील करण्यापुरताच आहे, हे उघड मान्य करावं. 'लेस-फ्युअर' या कसोटीवर उतरत नाही. आल्फ्रेडच्या काळी उतरत नव्हतं, बेकरच्या काळी नव्हतं, आणि मॉलच्या रांगेत आजही उतरत नाही. ज्यांना 'फ्युअर' आवडतो त्यांनी तो खुशाल वापरावा. बेकरलाही आवडत होता, आणि त्यानं निदान ती आपली आवड आहे हे प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण दुसऱ्याच्या वाक्यात हात घालू नये. कारण ज्या क्षणी तुम्ही 'फ्युअर' म्हणून कुणाला थांबवता, त्या क्षणी त्याचं म्हणणं तुम्हाला कळलेलं असतं. कळलं आहे, तर त्यावर बोला. आणि त्यावर बोलण्यासारखं तुमच्यापाशी काही नसेल, तर गप्प बसा आणि त्याला बोलू द्या.